बिल्ल्याखालचं कापड

आप्पा गेल्याची बातमी मला एका गिऱ्हाइकाकडून कळली. शहाद्यात त्यांचं घर माझ्या दुकानापासून दोन गल्ल्यांवर, तरी निरोप आला नाही. डोकंच फिरलं. मग आठवलं, दोन वर्षं बोलणं मीच टाकलं होतं...

आप्पा फौजेतले शिंपी. निवृत्त होऊन गावी आले, तेव्हा मी हातगाडीवर जुने कपडे विकत होतो. एकदा गठ्ठ्यात फौजी कोट निघाला. भाव यावा म्हणून त्याची पितळी बटणं मी चिंच-राखेनं घासून लखलखीत केली. आप्पांनी कपाळाला हात लावला. "भाऊ, तू बटन नही घसं, त्यानं वय घसं!" पितळेवरचा काळपटपणा हीच जुनेपणाची खूण, ती मीच पुसून टाकली होती.

तेव्हापासून ते रोज दुपारी माझ्याकडे बसू लागले. कोट हातात आला की आधी उलटा करायचे. अस्तरावरचा शिक्का, धाग्याची जात, नंतर जोडलेली शिवण बघायचे. आज जुन्या फौजी वस्तू जमवणारे सुरतेहून माझ्याकडे येतात. हातगाडीवरून दुकानात मी स्वतःच्या जिभेवर आलो, हे कुणासमोरही सांगेन. पण ती जीभ कोणत्या मालावर चालवायची, हे आप्पांनी शिकवलं.

भांडण झालं ते एका लोकरी कोटावरून. दुसऱ्या महायुद्धातला, धडगावच्या बाजारात नव्या घोंगडीच्या बदल्यात मिळालेला. बाहीवर बिल्ला नव्हता. माझ्याकडे एक सुटा कापडी बिल्ला होता, तो मी शिवून टाकला. सुरतेच्या गिऱ्हाइकाशी तासभर घासाघीस करून सौदा जुळत आणला, आणि आप्पांनी बिल्ल्याची कड नखानं उचलली. बाकीची बाही उन्हानं विटलेली, बिल्ल्याखाली मात्र गर्द रंगाचा ठसा; माझ्या बिल्ल्याहून लहान, लांबट, टोकाला गोल.

"कोट खरा शे, बिल्ला बी खरा शे," ते शांतपणे म्हणाले, "पन दोन्हीसनी एकमेकले कधी देखेल नही."

गिऱ्हाईक उठलं. मी ओरडलो, "आप्पा, तू मन्हा शे का त्या सुरतवालाना?"

"मी कोटना शे," म्हणत त्यांनी चपला घातल्या. परत आले नाहीत. मीही बोलावलं नाही.

पुढे तेच गिऱ्हाईक आणखी दोघांना घेऊन आलं. म्हणालं, ज्या दुकानात असा म्हातारा बसतो, तिथं डोळे मिटून माल घ्यावा. म्हातारा कुठे आहे, विचारलं. मी म्हटलं, गावाला गेलाय... माझं नाव वाचलं ते त्यांच्यामुळे, हे कळत होतं. तरी दोन गल्ल्या ओलांडल्या नाहीत. चारचौघांत का, कानात का नाही सांगितलं, एवढंच धरून बसलो.

दहाव्यानंतर त्यांच्या सुनेनं एक डबी आणून दिली. "तुमचं बोलणं बंद, म्हणून माझ्या थोरल्या दिरांनी, दादांनी, निरोप घेऊन कुणाला पाठवू दिलं नाही," म्हणाली. डबीत कापडी बिल्ला होता. लांबट, टोकाला गोल. दोन वर्षं ते फौजेतल्या जुन्या सोबत्यांना पत्रं लिहून तो शोधत होते.

मी कोट काढला, बिल्ला ठशावर ठेवला. बसला. सुईत दोरा ओवला, तेव्हा डबीच्या तळाशी चिठ्ठी दिसली. "एक सूत कमी शे. हाऊबी नही. धुंडत ऱ्हाय."

हाही तो बिल्ला नव्हे? नीट पाहिलं. एका कडेला गर्द कापडाची बारीक रेघ उघडी राहिली होती. एकदाच पाहिलेल्या ठशाचं माप आप्पांच्या डोळ्यांत पक्कं होतं. सुई परत ठेवली. कोट दुकानात दर्शनी टांगला आहे, बाही मोकळी. माझा शोध चालू आहे.