अर्धवट सोडलेलं रान

शेतीच्या यंत्रांच्या चाचण्या घेणं हे माझं काम. त्या दिवशी एका विक्रेत्याचा नवा पलटी नांगर ट्रॅक्टरमागे किती खोल जातो, चाकं किती घसरतात, वेळ किती लागतो, हे मोजायचं होतं. खोडदच्या एका मावशींनी त्यासाठी आपलं रान दिलं. बोली एवढीच, की सगळं नांगरून द्यायचं. त्यांना कांदा लावायचा होता.

पहिलं तास, म्हणजे नांगराची पहिली चरी, निघालं आणि मी तिथवर पोचायच्या आत विक्रेत्याचा माणूस टेप घेऊन खाली बसला. तासाच्या तळापासून उलटलेल्या ढेकळांच्या माथ्यापर्यंत त्याने खोली मोजली. शेजारी दुसऱ्याच्या मोबाइलवर चित्रीकरण चालू.

"अहो, खोली न नांगरलेल्या जमिनीपासून धरतात. ढेकळं कसली मोजताय?"

"मॅडम, तुमी सावलीत बसा. ऊन लई हाये."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. टेप हिसकावून घेतली आणि स्वतः मोजायला लागले. खोली अर्थातच कमी भरली.

वरच्या मुरमाड पट्ट्यात तर चाकं जागच्या जागी फिरायला लागली. चालकाने गुपचूप नांगर वर उचलला. वरची माती हलली, खालची जमीन तशीच. मी तेही लिहून घेतलं, तसा तो माणूस ओरडला, "वळव रे ट्रॅक्टर. आपला व्हिडिओ झालाय."

"आन् माझं ऱ्हायलेलं रान?" मावशींनी विचारलं.

"बघू नंतर."

रानातून बाहेर पडायला बांधात एकच वाट होती. मी तिथे माझी स्कूटर आडवी लावली, किल्ली मावशींकडे दिली. म्हटलं, "नांगरट पुरी झाल्याशिवाय मलासुद्धा देऊ नका."

मावशींनी ती कमरेला खोचली. "न्हाई देत."

फोनाफोनी झाली. माझ्या वरिष्ठांची भीती घालून झाली. मी हलले नाही. शेवटी चालकाने खालचा गिअर टाकला आणि नांगर न उचलता तो पट्टा आणि राहिलेलं सगळं रान काढलं. वेळ लागला, डिझेल जळलं. मोजायचं होतं ते हेच.

मावशींनी सगळ्यांना चहा दिला. निघताना तो माणूस मला म्हणाला, "मॅडम, एवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

का नाही लावून घ्यायचं? फुकट रान वापरायचं, खोटी खोली दाखवायची आणि बाईला बांधावर उभं ठेवून निघून जायचं! आज सांगतानाही माझा आवाज चढतो.