सरकीसकट उशी

बैठकीतल्या सोफ्यासाठी शोभेची उशी शिव, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. बायको तिच्या आईच्या लुगड्याचा पदर मांडीवर घेऊन बसली होती. उशी तिलाच शिवायची होती. पण कात्री उचलली आणि खाली ठेवली. म्हणाली, "मन्हा हात चालत नही."

सासूबाई गेल्यावर त्यांची आमच्याकडे तेवढीच वस्तू उरलेली. उभा जन्म वावरात, शेतातल्या मातीत गेलेली बाई. आमच्याकडे आल्या तरी फरशीवर बसायच्या, सोफ्याला कधी टेकल्या नाहीत. म्हणून बायकोला तो पदर सोफ्यावर हवा होता. शहाण्या माणसानं तो शहाद्याला शिंप्याकडे नेला असता. मी मोबाइलवर व्हिडिओ लावला.

कापलं बरं. टाके मात्र गोणी शिवल्यासारखे लांबलांब. मग व्हिडिओतल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, आता आत कापूस भरा. लोणखेड्यातल्या माणसाला कापूस कुठून आणू असा प्रश्न पडत नाही. मागच्या खोलीत ढीग होता. आमच्याकडे झाडावरून वेचतात तो कापूस, आणि आतली बी, म्हणजे सरकी, काढली की ती रुई. बाईंना रुई म्हणायचं होतं, हे मला कोण सांगणार? मी ओंजळी भरभरून कापूस कोंबला आणि चारही बाजू शिवून टाकल्या.

उशी दिसायला देखणी झाली. टेकलं की आतल्या सरक्या पाठीला हरभऱ्यांसारख्या टोचत. मेहुण्यांनी विचारलंच, की दाजी, पाहुण्यांनी लवकर उठावं म्हणून ही सोय का? बायको मात्र टेकायचीच नाही. जाता-येता काठावरून हात फिरवायची.

ती माहेरी गेली आणि मी उशीवर चहा सांडला. उघडायला जागाच ठेवली नव्हती, म्हणून अख्खी उशी बादलीत बुडवली. रंग विटू नये म्हणून गच्चीवर टाकीच्या सावलीत ठेवली, आणि साफ विसरलो.

बायको आली ती थेट सोफ्यापाशी. "उशी कोठे शे?"

मी जिना चढलो, ती मागोमाग. उशी अजून ओलसर होती, कुबट वास येत होता. पदर कुजला असेल या भीतीनं मी वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. माझ्या दोन टाक्यांमधल्या फटीतून एक कोंब वर आला होता. दोन इवलीशी पानं, एकावर सरकीचं टरफल टोपीसारखं अडकलेलं. दर पावसाळ्यात शेतंच्या शेतं अशी उगवताना पाहिलीत मी, पण बांधावरून, खतपाण्याचा हिशेब करत. एका कोंबापुढं असा कधी वाकलो नव्हतो. बिनमातीचं, उशीच्या पोटातून, उजेड नेमका कुठं आहे हे त्याला कळलं कसं?

घाबरून मी तो उपटायला हात घातला.

"ऱ्हाऊ द्या," बायको म्हणाली.

ती खाली जाऊन तीच कात्री घेऊन आली. उशीशेजारी फतकल मारून बसली आणि माझे टाके एकेक करून उसवू लागली, दोरा तेवढा कापत, कापडाला धक्का न लावता. आत आणखी कितीतरी सरक्या फुटल्या होत्या. पदर उजेडाकडे धरून तिनं पाहिला. चहाचा पुसटसा डाग होता, बाकी शाबूत.

मग ती हसली, आणि डोळेही पुसले.

"आईले सोफावर बसाडं," ती म्हणाली, "तं ती संगे वावर लई उनी."

सासूबाई सोबत वावर घेऊन आल्या, तर माती हवीच. मी कुंडीत माती भरायला उठलो.