राणीच्या कपाळावरचा डाग

जबलपूरला ओमती मोहल्ल्यात जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्याकडे मी नेहमी बसायचो, नाव मात्र कधी विचारलं नाही. ब्रश टेकवताना तो श्वास रोखायचा, म्हणून त्याचं बोलणं अर्ध्यावर थांबायचं.

आईनं त्याच्याकडे आमच्या घरची राणी दिली होती, रुपयाएवढ्या हस्तिदंतावर रंगवलेली. दर दसऱ्याला घरच्या सुनांनी कुंकू लावून लावून तिच्या कपाळाचा रंग गेला होता.

त्यानं नथ, मोती, गाल सगळं उजळवलं. कपाळावरचा लाल डाग तेवढा ठेवला.

"हा काहून ठेवला, भैया?" आईनं विचारलं.

हातातल्या दुसऱ्या चित्रावर ब्रश टेकवत तो म्हणाला, "बाकी रंग माझा आहे, दीदी. हा..." ब्रश उचलला. "तुमच्या हातचा. माझ्यानं पुसवत नाही."

बाबा गेल्यापासून आई कुंकवाला शिवली नव्हती. त्या दसऱ्याला तिनं करंडा उघडला आणि राणीच्या कपाळाला बोट लावलं.