अंगठ्यापर्यंतचे सोळा दाणे

समुद्रापारच्या बेटावर, पितोंजवळच्या ऊसमळ्यावर मी न्हावी होतो. माझा वस्तरा इतका हलका, की गिऱ्हाईक घरी पोचल्यावर त्याला कळे, आपली दाढी झाली. अशा उजव्या हाताची मनगटाजवळची नस तुटली. माएबूर्गच्या समुद्रात मुशीने चावा घेतला, असं मी गावभर सांगितलं. खरं तर भोपळा कापताना सुरी सटकली होती. जखम भरली, पण अंगठ्याचं पेर बधिर राहिलं. आणि न्हावी धार बघतो ती त्याच पेरावर.

मुकादम म्हणाला, "तोडणीपर्यंत अंगठा जागा झाला तर वस्तरा. नाहीतर कोयता."

तोवर मला मळ्याच्या दवाखान्यात धाडलं. तिथल्या फ्रेंच डॉक्टरांना सूक्ष्मदर्शकाचं वेड. बैलाच्या कण्यातली मज्जा ते रममध्ये बुडवून घट्ट करत. तिचे पातळ काप मी डाव्या हाताने करू लागलो. इतके पातळ, की एकदा डॉक्टर शिंकले तर अर्धा बैल खिडकीतून उडून गेला. धार मात्र बायको बघून द्यायची. डाव्या अंगठ्याला ती अक्कल नव्हती, आणि तिचा जन्म विळीवर गेलेला.

"वस्तरा तुमचा, धार मी बघायची," ती म्हणे. "मग न्हावी कोण?"

एका सकाळी डॉक्टरांनी लाल रंग दिलेला काप भिंगाखाली ठेवला आणि मला डोळा लावायला सांगितलं. मोठाल्या पेशी दिसल्या, चहूकडे फांद्या फुटलेल्या. प्रत्येकीची एकच फांदी लांब निघून तंतू होते आणि पार पायाच्या स्नायूपर्यंत जाते, असं ते म्हणाले. मधल्या जागेत बारक्या पेशींची दाटी होती.

"मिस्ये, ह्या बारक्या काय करतात?"

"बाकीच्यांना सांधून धरतात. याहून जास्त मलाही ठाऊक नाही."

मग त्यांनी कण्याशेजारच्या गाठीचा काप दाखवला. इथल्या पेशी वाटाण्यासारख्या गोल. "तुझ्या अंगठ्याला कळायचं ते अशा पेशींमुळे," डॉक्टर म्हणाले. "पेशी बसते मानेपाशी. तिचा तंतू एकसंध अंगठ्यापर्यंत, वरून चरबीचं पांढरं वेष्टण. तुटला की पुढचा तुकडा सुकतो. पण पेशी जगली असेल, तर तुटल्या टोकातून नवा तंतू फुटतो आणि जुन्या रिकाम्या नळीतून पुढे सरकतो. आठवड्याला तांदळाच्या दाण्याएवढा. वाट सापडली तर."

घरी येऊन मी हे जसंच्या तसं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच पदरचं काही घातलं नाही.

"यापेक्षा ती मुशी बरी होती," बायको म्हणाली. तरी तिने जखमेपासून अंगठ्याच्या टोकापर्यंत तांदूळ मांडले. सोळा बसले. ते चिंधीत बांधले आणि दर रविवारी त्यातला एक ती भाताच्या आधणात टाकू लागली.

आठ-नऊ दाण्यांनंतर तळहाताच्या कडेला मुंग्या आल्या. मग अंगठ्याच्या बुडाशी. मग काहीच नाही. चिंधी रिकामी झाली, पेर मुकंच. तोडणी आठवड्यावर आली. बायकोने मुकादमाकडून आलेला कोयता घासून दाराशी ठेवला, आणि त्या दिवशी मला एकही थाप सुचली नाही.

चौथ्या दिवशी वस्तरा पुसताना पात्याची कड पेराला लागली. लागली म्हणजे जाडं कापड मधे असावं तशी. पण लागली. मी तसाच मुकादमाकडे गेलो, त्याला ओट्यावर बसवलं आणि उजव्या हाताने दाढी केली. त्याने दोन्ही गाल चाचपले, गळा दोनदा चाचपला.

"कोयता दुसऱ्याला देतो," तो म्हणाला.

दुसऱ्या सकाळी मी नेहमीसारखा वस्तरा बायकोपुढे धरला. तिने पेरावर धार बघितली आणि माझ्याकडे बघितलं.

"आता तुम्हाला लागते ना?"

"अजून कापडाआडून लागते," मी म्हणालो.

ते खरंच होतं. पहिला महिनाभर तरी.