चांगुणाबाईची चंद्री

दौंडच्या रेल्वे कॉलनीत चांगुणाबाई उमाप कुठं आहेत हे विचारावं लागत नसे, आवाजावरूनच कळायचं. नवरा हौसराव रेल्वेत गँगमन. बाई चार शेळ्या पाळायच्या, घरोघर दूध घालायच्या आणि रविवारी उपासनेत सगळ्यांच्या वर सूर लावायच्या. मी चर्चमध्ये पेटी वाजवायचो. त्यांच्या सुराला धरून राहताना माझी तारांबळ उडायची.

१९९७च्या पावसाळ्यात हौसराव तापानं फणफणले. पंधरा दिवस दवाखान्यात काढून घरी आले, त्याच आठवड्यात प्रार्थनासभेत चांगुणाबाई उठून उभ्या राहिल्या.

"देवानं माझा मालक परत दिला. हंगामाच्या सणाला माझी चंद्री देवाला!"

चंद्री म्हणजे त्यांची लाडकी शेळी. काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका. हंगामाच्या सणाला आमच्याकडं लोक आपल्या घरचं, शेतातलं चांगलं ते वेदीपुढं आणून ठेवतात. त्या वर्षी आलेलं सगळं गरजू घरांना द्यायचं ठरलं होतं.

सण आला नोव्हेंबरात. तोवर चंद्री गाभण राहिली होती आणि बाईंचं मन मागं सरलं होतं. सणाच्या सकाळी त्यांनी दावं सोडलं ते लंगड्या शेळीचं.

आमच्या चर्चचे भालेराव पाळक नवेच होते, त्यांनी चंद्री कधी पाहिली नव्हती. "बाई, शब्द पाळलात. देव तुमचं भलं करो," म्हणाले. मंडळीनं टाळ्या वाजवल्या. बाई खाली मान घालून बसल्या.

गीत सुरू झालं आणि माझ्या लक्षात आलं, वरचा सूर गायब! मान वर केली तर चांगुणाबाई उठल्या होत्या. चपला हातात घेतल्या आणि दाराबाहेर पसार! हौसराव बघतच राहिले.

पुढचं बाईंच्या शेजारच्या खातूनबींनी नंतर सांगितलं. त्या अंगणात पापड घालत होत्या. रेल्वेचा पूल ओलांडून धापा टाकत आलेली चांगुणा पाहून त्या घाबरल्या.

"काय गं, पाळकांनी लंगडी घेतली न्हाई का?"

"घेतली. हसत घेतली. त्याचंच टोचतंय! खातूनबी, चंद्रीला सोडा आन् चला माझ्यासंगं!"

चंद्री पुलापर्यंत नीट आली, पण पायऱ्या पाहताच चारी पाय रोवून उभी राहिली. पुढून चांगुणाबाई दावं ओढतायत, मागून खातूनबी ढकलतायत, वर उभे हमाल ओरडतायत, "चल गं चल, आता थोडंच राहिलं!" एकानं सरळ चंद्रीला खांद्यावर घेतलं आणि पुलापार नेऊन सोडलं. तिथून दोघी शेळीच्या मागं पळत सुटल्या.

इकडं पाळकांनी शेवटच्या प्रार्थनेला हात वर केले होते. तेवढ्यात दारातून आरोळी आली.

"थांबा पाळकसाहेब, आमेन म्हणू नका!"

सगळं चर्च मागं वळलं. पदर सुटलेला, केस विस्कटलेले, चांगुणाबाई चंद्रीला घेऊन थेट वेदीपुढं.

"बोलले हुते ती ही. सकाळी मी देवाला फसवाय बघितलं. लंगडी दिली आन् वर टाळ्या बी घेतल्या."

"मग लंगडी परत न्या," पाळक हळूच म्हणाले.

"न्हाई, ती बी राहू द्या. दोघी राहू द्या."

"ही गाभण दिसते, बाई. मन दुखत नाही का?"

"सकाळी दुखत हुतं, साहेब. आता कसं सांगू, उडावंसं वाटाय लागलंय!"

कुणीतरी हसलं, कुणीतरी रडलं. मी कुणाचीही वाट न पाहता पेटीवर बोटं टाकली आणि बाईंनी असा सूर लावला की खिडकीबाहेर उभ्या खातूनबीसुद्धा टाळ्या वाजवू लागल्या. चंद्रीनं वेदीवरचा झेंडूचा हार निम्मा फस्त केला, तेव्हा कुठं आमेन झालं.

चंद्री नकुशी नावाच्या गरजू बाईला मिळाली. नवरा वारल्यावर ती वीटभट्टीवर कामाला जायची. दुसऱ्या कुणी शेळी पोचवायची म्हटल्यावर चांगुणाबाईंनी ऐकलंच नाही. दावं हातात घेऊन त्या नकुशीबरोबर निघाल्या. हिला कोवळा पाला लागतो, ही आंबोण खाताना सांडते, ही नावानं हाक मारली तरच धार देते... रस्ताभर त्यांची बडबड चालली होती. हौसराव चर्चच्या पायरीवर उपाशी बसून होते. मी विचारलं, "काय मामा, बाई कवा येणार?"

"बोलणं संपल्यावर," ते म्हणाले आणि खो खो हसत सुटले.