शिवलेला पासपोर्ट

तो बाइंडर होता आणि फाटकं-तुटकं काही दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. दवाखान्यात नंबर लावून बसला तरी टेबलावरच्या मासिकांचे दुमडलेले कोपरे सरळ करत बसायचा. एकदा एका हॉटेलात त्यानं मेनूकार्डाचं सुटलेलं पान खिशातून डिंक काढून चिकटवलं होतं आणि वेटर जेवणाचं विचारायला येऊन ताटकळत उभा राहिला होता. असं काही करण्याआधी विचारायचं असतं हे त्याच्या गावीही नसायचं. आधी करून मोकळा व्हायचा, मग सांगायचा, आणि सांगायची भीती वाटली तर सांगायचाच नाही.

लहानपणी शाळा सुटली तेव्हा तो एका छापखान्यात लागला. तिथल्या म्हाताऱ्या उस्तादांनी त्याला सुई धरायला शिकवलं आणि ‘चिकट्या’ हे नावही तिथलंच. पुढं नशिबानं तो परदेशात एका मोठ्या ग्रंथालयाच्या तळघरात कामाला लागला. जुनी पुस्तकं उसवायची, पानं साफ करायची, पुन्हा शिवून दाबाखाली ठेवायची. वरच्या मजल्यावर पुस्तकं देणारी-घेणारी जी बाई होती, तिच्याशीच त्यानं लग्न केलं. कचेरीत दोन साक्षीदार आणि दोन सह्या, की झालं. आईला फोन केला तो दुसऱ्या दिवशी. आई नुसतं “बरं” म्हणाली. त्यानंतर सात वर्षं दर रविवारी फोन झाला, पण म्हातारीनं सुनेचं नावसुद्धा विचारलं नाही. तब्येत विचारली की म्हणायची, “मला काय धाड भरलीये?” आणि फोन धाकट्या बहिणीकडे द्यायची.

मग एका रविवारी बहिणीनं सांगितलं की आईच्या हृदयाची एक झडप निकामी झाली आहे. ऑपरेशनशिवाय गत्यंतर नाही आणि या वयात डॉक्टर छातीठोकपणे काही सांगत नाहीत. तारीख तीन आठवड्यांवर होती. मागून आईचा आवाज आला, “त्याला म्हणावं तिला घेऊन ये. ऑपरेशनच्या टेबलावर जायच्या आधी एकदा बघू दे.” एवढंच. पण सात वर्षांत पहिल्यांदा म्हातारीनं ‘तिला’ म्हटलं होतं, आणि फोन ठेवल्यावर बाइंडर स्वयंपाकघरात पाठमोरा उभा राहून बराच वेळ नळ उगाच चालू-बंद करत राहिला.

त्याला स्वतःच्या देशात जायला काहीच लागत नव्हतं. बायकोला मात्र पर्यटक व्हिसा हवा होता. फॉर्म भरले, फोटो काढले, लग्नाचा दाखला, पगाराची पत्रं, बहिणीनं पाठवलेलं निमंत्रण, डॉक्टरांचं पत्र, सगळं जमवता जमवता आठवडा गेला. मुलाखतीची वेळ मिळाली सोमवार सकाळची. रविवारी दुपारी बायको तिच्या मावशीकडे गेली असताना त्यानं सगळी कागदपत्रं टेबलावर मांडली, आणि तेव्हा त्याला पासपोर्टची शिवण दिसली.

बायकोनं तो वर्षानुवर्षं स्वयंपाकघरातल्या खणात कोंबून ठेवला होता. मधला दोरा झिजून एका टोकाला तुटला होता, पानं लोंबत होती आणि कव्हर आतल्या कागदापासून सुटायला लागलं होतं. बाइंडरला पुढचं सगळं दिसायला लागलं. असला पासपोर्ट बघून साहेब परत पाठवणार, दुसरी तारीख मिळेपर्यंत ऑपरेशन होऊन जाणार. आता यावर शहाण्या माणसानं बायकोला फोन केला असता. आमच्या माणसानं सुई काढली.

काम मात्र देखणं केलं. जुना दोरा अलगद ओढून काढला, त्याच भोकांतून नवा मेणाचा दोरा ओवला, एकही नवं भोक पाडलं नाही. कव्हरला पातळ खळ लावली, हाडाच्या पट्टीनं दाबलं, आणि वर दोन जाड शब्दकोश ठेवले. उस्तादांचा नियम होता, जुन्या पुस्तकातून काढलेलं काही फेकायचं नाही, पाकिटात घालून पुस्तकासोबत द्यायचं. सवयीनं त्यानं जुना दोराही छोट्या पाकिटात घातला आणि कोटाच्या खिशात टाकला. संध्याकाळी बायको आली तेव्हा पासपोर्ट नव्यासारखा कडक होता. तिनं तो न उघडताच पिशवीत ठेवला, आणि त्यानंही काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात? शर्टाचं बटण लावलं तर कोणी सांगत बसतं का?

सोमवारी व्हिसा कचेरीत पंचवीस-तीस माणसं खुर्च्यांवर बसली होती. भिंतीवरच्या पाटीवर नंबर बदलत होते. त्यांचा एकोणीस होता, चालू होता तेरा. बाइंडरच्या शेजारी त्याच्याच भाषेतले एक पोक्त गृहस्थ होते. तोंड शिवून बसणं त्यांना जमण्यातलं नव्हतं.

“मेव्हण्यासाठी आलोय,” ते म्हणाले. “तिसरी खेप. पहिल्यांदा काय झालं, पासपोर्टचं पान जरा फाटलेलं, तर शहाण्यानं त्याला चिकटपट्टी लावली.”

“चिकटपट्टी वाईटच,” बाइंडर मनापासून म्हणाला. “दोन वर्षांत पिवळी पडते.”

“अहो, पिवळी कसली! पोलीस बोलावले. पासपोर्टला घरी हात लावायचा नसतो, त्याला फेरफार म्हणतात. फाटका चालतो एक वेळ, दुरुस्त केलेला चालत नाही. त्यांच्याकडे निळा दिवा असतो, आतला दोरासुद्धा त्या दिव्याखाली चमकतो म्हणे. पान बदललं की लगेच कळतं. मेव्हण्याला दोन दिवस बसवून ठेवलं होतं.”

बाइंडरला कालची शिवण आठवली. त्याचा दोरा साधा, सुती, ग्रंथालयाच्या रिळावरचा. तो कुठल्या दिव्याखाली चमकणार?

“काय म्हणतायत ते?” बायकोनं तिच्या भाषेत विचारलं. तिला या दोघांचं काही कळलं नव्हतं.

“काही नाही. गर्दी फार असते म्हणतायत.”

पाटीवर पंधरा लागला. आता सांगावं, त्यानं ठरवलं. आता. तिला म्हणावं, चल, परत जाऊ, मी एक मूर्खपणा केलाय. पण परत गेलं तर आईला काय सांगायचं? सोळा लागला. कदाचित दिवा लावणारच नाहीत. रोज इतके पासपोर्ट येतात, प्रत्येकाला कोण दिवा दाखवतं? सतरा. तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हसून म्हणाली, “अरे, मुलाखत माझी आहे, घाम तुला का फुटलाय?” त्यानं हसायचा प्रयत्न केला. अठराव्या नंबरची बाई आत जाऊन दोन मिनिटांत बाहेर आली आणि एकोणीस लागला. बायको उठली, सगळे कागद घेऊन आत गेली आणि दार बंद झालं.

दोन मिनिटं गेली, पाच गेली, दहा गेली. त्या बंद दाराकडे बघताना त्याला तुरुंग दिसत होता, विमानतळ दिसत होता, पांढऱ्या चादरीवर डोळे मिटून पडलेली आई दिसत होती. शेजारचे गृहस्थ काहीतरी बोलत होते, त्यातलं अक्षरही त्याच्या कानात शिरत नव्हतं. उठून पाणी प्यावं तर नेमकं तेव्हाच दार उघडेल असं वाटत होतं.

वीस मिनिटांनी ती बाहेर आली. हात रिकामे होते.

“पासपोर्ट ठेवून घेतला,” ती खाली बसत म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. “त्या बाईंनी विचारलं, हा कोणी दुरुस्त केलाय का? मी म्हटलं, नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, मला माझा पासपोर्ट माहीत नाही का? मग तसं लिहून सही करायला सांगितली. मी केली. आता थांबायला सांगितलंय. काय झालंय, तुला काही कळतंय का?”

त्याला सगळं कळत होतं. खोटं बोलणं म्हणजे काय ते जिला ठाऊक नाही, जी ग्रंथालयात एक दिवस उशीर झाला तर स्वतःलाही दंड लावते, तिनं खरं समजून खोटं लिहून दिलं होतं आणि त्याखाली सही केली होती. आणि ते त्यानंच करायला लावलं होतं, एक शब्द न बोलता.

“मी शिवला,” तो म्हणाला. “काल. तू मावशीकडे होतीस.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. भांडली असती तर बरं वाटलं असतं. “आणि इथं बसलो होतो तेव्हा तुला माहीत होतं?” तिनं विचारलं. त्यानं मान हलवली. “मी घाबरलो,” तो म्हणाला.

“मी आत एकटी होते,” ती म्हणाली.

तो उठला. नंबर नसताना दाराशी गेला, शिपायानं अडवलं तर त्याला बाजूला सारून सरळ आत घुसला. आयुष्यात त्यानं कधी कोणाला ढकललं नव्हतं. टेबलामागं चष्मा लावलेल्या एक बाई होत्या. समोर तो पासपोर्ट उघडा पडला होता आणि त्यांच्या हातात फोनचा रिसीव्हर होता.

“बाई, तो मी शिवलाय,” तो म्हणाला. “तिला काही माहीत नाही. तिनं लिहून दिलं ते तिच्या दृष्टीनं खरं आहे. मी बाइंडर आहे.”

बाईंनी रिसीव्हर खाली ठेवला. “तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय?”

“हो. जुना दोरा माझ्याकडे आहे.” त्यानं खिशातून ते पाकीट काढलं. बाईंनी पाकीट टेबलावर उपडं केलं, दिवा लावला. दोरा तीन रंगांत उजळला. मग त्यांनी पानांचे आकडे तपासले, भोकं भिंगाखाली बघितली, एकेक पान दिव्याखाली धरलं. बाइंडर उभा होता. कोणी बस म्हणालं नाही आणि त्याचीही हिंमत झाली नाही.

“पानं सगळी मूळची आहेत,” शेवटी त्या म्हणाल्या. “काम इतकं चांगलं आहे म्हणून तर संशय आला. घरगुती माणूस असं शिवत नाही. पाच मिनिटं उशिरा आला असता तर हे सगळं माझ्या हातातून गेलं असतं.” त्यांनी बायकोला आत बोलावून नवं लेखी घेतलं, जुनं तिच्यासमोर रद्द केलं. “नकार लिहीत नाही. अर्ज मागे घेतला असं लिहिते. यावर व्हिसा मिळणार नाही. नवा पासपोर्ट काढा आणि मग या.”

“आईचं ऑपरेशन पुढच्या गुरुवारी आहे.”

“डॉक्टरांचं पत्र वाचलंय मी,” बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज मऊ झाला. “पण हे माझ्या हातात नाही हो.”

नव्या पासपोर्टला निदान पंधरा दिवस लागणार होते. कचेरीबाहेरच्या पायऱ्यांवर दोघं बसली. दुपारचं ऊन होतं, माणसं जेवणाचे डबे घेऊन समोरच्या बागेत चालली होती. बायकोनं पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, “फोन कर.”

आईनंच उचलला. व्हिसाचं काय झालं ते कळावं म्हणून ती फोनपाशीच बसली असावी. “काय झालं रे? मिळाला का?”

“अगं, इथं फार गर्दी आहे,” तो म्हणाला. “साहेब रजेवर आहे. म्हणजे होईल, पण जरा…”

बायकोला शब्द कळले नसतील, पण हा सूर तिनं सकाळीच ओळखीचा करून घेतला होता. तिनं हात पुढं केला. “मला दे.” तो देईना, तेव्हा तिनं फोन काढूनच घेतला आणि स्पीकर चालू केला. सात वर्षांत तळघरात दुपारी चहा पिताना तिनं त्याच्याकडून जी काही मराठी उचलली होती ती पन्नास शब्दांच्या वर नव्हती, आणि ती आजवर तिनं त्याच्याशिवाय कोणाशीच बोलून पाहिली नव्हती.

“आई,” ती म्हणाली. “मी. मी नाही येत. ऑपरेशन आधी नाही. माझं पुस्तक तुटलं, सरकारचं पुस्तक. यानं शिवलं. चूक झाली. मी येते, पण नंतर.”

पलीकडे काहीच आवाज नव्हता. बाइंडरला वाटलं, फोन कट झाला. मग म्हातारीचा श्वास ऐकू आला, तुटक, धाप लागल्यासारखा.

“मला भीती वाटते गं,” आई म्हणाली.

बाइंडर जागच्या जागी थिजला. उभ्या जन्मात त्यानं आईच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. वडील गेले तेव्हाही नाही.

“मला पण,” बायको म्हणाली.

“फोन ठेवू नकोस,” म्हातारी म्हणाली. “घरात कोणी नाही. बोलत राहा काहीतरी.”

बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. तिच्याजवळचे सांगण्यासारखे शब्द संपले होते. तिनं फोन दोन्ही हातांनी तोंडाजवळ धरला आणि जे काही येत होतं ते एकेक करून सासूला सांगायला लागली. पाणी. दार. चहा. सुई. हात. ऊन. आणि पलीकडून म्हातारी प्रत्येक शब्दाला “हं” म्हणत होती.