शेजारच्या सीटचं दार

बाजारात तिला सगळे कात्री म्हणायचे. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. कुंड्या घडवणारा कुंभार तिला लांबून येताना पाहिलं की आत बायकोला सांगायचा, "चहा टाक, आजची दुपार गेली." ती ओट्यावर बसायची, कुंडी उलटी करून टिचकी मारायची, आवाज ऐकायची आणि मग भावाची कापाकापी सुरू व्हायची. पण एकदा ठरलेला शब्द तिने कधी मोडला नाही. त्यामुळे कात्रीखाली आलेला माणूसही तिच्यावर फार वेळ चिडून राहायचा नाही.

नवरा अगदी उलटा. रोपांच्या बाबतीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता; वाळकी काडी खोचली तरी तिला पालवी फुटेल असा त्याचा हात. पण भाव करायची वेळ आली की हा गडी खाली मान घालून बुटाच्या टोकाने माती उकरत बसायचा. लग्नाआधी एका गोडबोल्या माणसाने त्याच्या गळ्यात खताच्या पोत्यांबरोबर फवारणीचे पंप मारले होते. त्यातला एकही चालत नव्हता. नव्या नवरीने ते पंप पाहिले, बाह्या सरसावल्या आणि म्हणाली, "यापुढे झाडं तुम्ही बघा. माणसं मी बघते."

या वाटणीवर त्यांचा संसार झाला. रोपवाटिका वाढली. ऑफिसांच्या, दवाखान्यांच्या, हॉटेलांच्या दारात ठेवायच्या कुंड्यांचं काम मिळालं. लेक शिकली आणि दूरच्या शहरात नोकरीला लागली. जुन्या पिकअपचा हौदा कुंड्यांनी भरायचा, तो गाडी चालवायचा आणि ती शेजारी बसून रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानाबद्दल काहीतरी बोलत राहायची. तो हं हं म्हणायचा. असं त्यांचं चांगलं चाललं होतं.

मग ती विसरायला लागली. आधी लहानसहान. गॅस बंद केला की नाही, कोणाकडून किती रोपं आली. एकदा कुंभाराकडे जाऊन तिने तोच सौदा दुसऱ्यांदा केला, आणि कुंभाराने काही न बोलता तो होऊ दिला. हे कळल्यावर नवरा तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले, तिला साधेसाधे प्रश्न विचारले आणि त्याला बाजूला घेऊन सांगितलं की हे हळूहळू वाढत जाणार. मागे फिरणार नाही.

"मध्येमध्ये अगदी पहिल्यासारख्या वाटतील," डॉक्टर म्हणाले. "त्याने हुरळून जाऊ नका."

घरी तिला एकटं ठेवण्याची सोय राहिली नाही. आणि गंमत अशी, की गाडीत बसली की ती शांत व्हायची. घरात येरझाऱ्या घालणारी, कपाटं उघडून काहीतरी शोधणारी बाई सीटवर बसली की हात मांडीवर ठेवून समोर बघत राहायची. म्हणून तो तिला रोज बरोबर न्यायचा. एक दिवस कालव्याच्या कडेच्या रस्त्याने जाताना ती म्हणाली, "आलं वाटतं घर," आणि तिने चालत्या गाडीचं दार उघडलं. त्याने एका हाताने तिची बाही धरली आणि दुसऱ्या हाताने गाडी कशीबशी थांबवली. मागे दोन कुंड्या फुटल्या. बाही खांद्यापासून उसवली. ती मात्र घाबरली नव्हती. हा माणूस आपले कपडे का फाडतोय, याचंच तिला नवल वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने ते दार आतून दोरीने बांधलं. तिने दोरीकडे बराच वेळ पाहिलं.

"मला बांधून नेताय?" तिने विचारलं.

त्याने दोरी सोडली. त्या दिवशी तो गाडी बैलगाडीच्या वेगाने चालवत गेला, एक हात सतत तिच्या मनगटावर.

लेक फोनवर म्हणाली, "बाबा, आईला सांभाळणाऱ्या संस्था असतात. चांगल्या असतात. तुम्ही एकटे किती दिवस करणार?"

"जुनी गाडी आता कुरकुरायला लागली आहे," तो म्हणाला. "नवी बघतो."

लेकीला वाटलं बाबांनी विषय बदलला. त्याने बदलला नव्हता.

दोघं शोरूमला गेले तो दिवस नेमका तिच्या चांगल्या दिवसांपैकी निघाला. गुळगुळीत फरशीवर पाऊल पडताच तिची मान ताठ झाली. विक्रेता पन्नाशीचा, हळू बोलणारा माणूस होता. त्याने खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि सुरुवात केली, "साधी गाडी घ्यायची तर ही. पण बहुतेक लोक पॅकेज घेतात."

"बहुतेक लोक त्यांच्या घरी," ती म्हणाली. "पॅकेजात काय काय आहे ते एकेक सांगा. आम्हाला घाई नाही."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. हा आवाज त्याने कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

पहिलं पॅकेज ओझ्याचं होतं. मागच्या चाकांवर ओझं पेलणारे स्प्रिंगचे जाड पाटे, हौद्याला रबरी अस्तर, दोर अडकवायच्या कड्या. तिने डोळे बारीक केले. "अस्तर आणि कड्या बाहेर निम्म्यात मिळतात," ती नवऱ्याला म्हणाली. "पण पाटे कंपनीचेच हवेत. बाहेरून घातले आणि उद्या काही मोडलं की कंपनी हात वर करते. आपली माती जड असते हो." मग विक्रेत्याकडे वळून तिने पॅकेजातून अस्तराची आणि कड्यांची किंमत अशी काही कातरून काढली, की तो बिचारा दोनदा आत साहेबांना विचारून आला आणि दोन्ही वेळा हसत बाहेर आला. नुसते पाटे पदरात पडले.

दुसरं पॅकेज आरामाचं. पुढे चकचकीत जाळी, नक्षीदार चाकं, स्टिअरिंगला चामडं, गाण्यांचा मोठा पडदा, बटणावर चालणाऱ्या काचा, आणि दारांचं कुलूप ड्रायव्हरच्या हाती. त्याने बटण दाबलं की गाडी चालू असेपर्यंत शेजारचं दार आतून उघडत नाही.

"कुंड्या वाहायच्या गाडीला नक्षीची चाकं," ती म्हणाली. "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला." आणि नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवून तिने समजावून सांगितलं, जसं ती आयुष्यभर समजावत आली होती. "हे असं असतं बघा. एक वस्तू कामाची असते आणि तिच्या गळ्यात पाच बिनकामाच्या बांधतात. आपण आधी कामाची कुठली ते हुडकायचं. तुम्हाला दिसतेय का यात एक तरी?"

त्याने खाली मान घातली. "ते कुलूप," तो म्हणाला. "तेवढं सुटं नाही का मिळणार?"

"नाही हो, ते याच पॅकेजात येतं," विक्रेता म्हणाला.

"आणि कुलूप हवं कशाला?" तिने विचारलं. "दार काय आपलं आपण उघडतंय?"

ती हसली. विक्रेता हसला. मग तोही हसला, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

आरामाच्या पॅकेजावर तिने फुली मारली. उठताना विक्रेत्याला म्हणाली, "रागावू नका, तुमचंही पोट आहे. पण आमचे हे भोळे आहेत, मला बघावं लागतं." आणि ती झपाझप बाहेर गेली. तो मागून पोचला तेव्हा ती एका परक्या लाल गाडीच्या दाराशी उभी राहून कडी ओढत होती. त्याने हळूच तिचा हात सोडवला. काचेच्या दारातून विक्रेता पाहत होता.

दुसऱ्या दिवशी तिला कुंभाराच्या बायकोपाशी बसवून तो एकटा शोरूममध्ये गेला. सौदा करायला एकटं जाण्याची त्याची ती लग्नानंतरची पहिलीच वेळ. विक्रेत्याने खुर्ची पुढे केली. आरामाचं पॅकेज काढून समोर ठेवलं आणि म्हणाला, "यात मी माझ्याकडून थोडं कमी करतो."

"नको," तो म्हणाला. "तिने काल ठरवलं ते तसंच राहू द्या. याचं जे असेल ते लावा."

परतताना त्याला आपण चोरी करून चाललोय असं वाटत होतं. ज्या बाईला उभ्या बाजारात कुणी फसवू शकलं नाही, तिला आज घरच्याच माणसाने फसवलं होतं. गाडी यायला वेळ होता. तेवढ्या दिवसांत त्याने थाप तयार केली: साधी गाडी कारखान्यात शिल्लक नव्हती म्हणून त्याच पैशांत ही दिली. रोपांना पाणी घालताना तो ती पुटपुटून घोकायचा. ती कुठे बोट ठेवेल, काय विचारेल, सगळ्याची उत्तरं त्याने जुळवली. ही थाप तिच्यापुढे टिकणार नाही, हे त्याला माहीत होतं. तरी घोकत होता. खरं म्हणजे पकडले जाण्याचीच तो वाट पाहत होता.

गाडी आली. चाकं ऊन पडून लखलखत होती, जाळी आरशासारखी. त्याने तिला हाताला धरून अंगणात आणलं आणि बाजूला उभा राहिला. तिने गाडीला एक फेरी मारली. जाळीवरून हात फिरवला. चाकापाशी वाकली. त्याने थाप मनात पुन्हा एकदा घोकली.

"छान आहे," ती म्हणाली.

तो थांबला. आणखी काहीतरी येईल म्हणून बराच वेळ थांबला.

"किती चकचकीत," ती म्हणाली आणि लहान पोरीसारखं त्याच्याकडे पाहिलं.

कितीला पडली, असं तिने विचारलं नाही. किंमत विचारण्याआधी तिने एखाद्या वस्तूला छान म्हटलेलं त्याने जन्मात ऐकलं नव्हतं. तो पोत्यांच्या शेडमागे गेला आणि तोंडावर हात दाबून रडला. तिने खरडपट्टी काढली असती तर तो सुखाने जेवला असता.

बटण दाबलं की कुलूप खट्ट करून पडायचं. कधीमधी ती कडी ओढून बघायची आणि म्हणायची, "उघडत नाही." तो म्हणायचा, "पुढे उघडेल." तिला ते पटायचं.

एका संध्याकाळी शेवटच्या कुंड्या उतरवून ते परतत होते. ती जरा अवघडून बसली होती, दाराला चिकटून, परक्याच्या गाडीत बसावं तशी.

"दादा," ती म्हणाली, "मला जरा लवकर सोडाल का? आमचे हे वाट बघत असतील."

बायकोच्या तोंडून त्याने दादा ऐकलं. रस्ता समोर होता म्हणून त्याला समोर बघता आलं.

"सोडतो, ताई," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, कसं कुणास ठाऊक, त्याने विचारलं, "तुमचे हे कसे आहेत?"

"भोळे आहेत," ती म्हणाली. "झाडांत जीव त्यांचा. पण कुणीही फसवतं हो. म्हणून मी फार वेळ बाहेर राहत नाही." मग तिने पडद्याकडे, चामड्याकडे नजर टाकली. "ही गाडी तुम्ही पॅकेजसकट घेतलीत ना?"

"घेतली."

"फसवलं तुम्हाला," ती मायेने म्हणाली. "बायकोला न्यायचं ना बरोबर."

अंगणात गाडी थांबली. त्याने दार उघडून तिला उतरवलं. ती त्याचे आभार मानून घरात गेली आणि खोल्याखोल्यांतून बघत फिरू लागली. तो मागच्या बाजूने वळसा घालून गेला, नळावर हात धुतले, स्वयंपाकघराच्या दाराने आत शिरला आणि म्हणाला, "आलीस?"

"कुठे होता तुम्ही?" तिचा चेहरा उजळला. "मला एका माणसाने सोडलं. भला होता बिचारा."

"मग चांगलं झालं," तो म्हणाला.

तेव्हापासून हे असंच चालू झालं. ज्या दिवशी ती दादा म्हणायची, त्या दिवशी तो पुढून सोडायचा आणि मागच्या दाराने नवरा होऊन यायचा. हे त्याने कुणाला सांगितलं नाही, लेकीलाही नाही. त्यात त्याला दुःख होतंच, पण दिवसातून एकदा तिने आपल्याला बघून असं उजळावं, याची त्याला ओढही लागली होती. मग एका संध्याकाळी तो नळावर हात धुऊन आत आला, "आलीस?" म्हणाला, आणि तिने मान वर करून अदबीने विचारलं, "तुम्ही कोण?"

तो पुन्हा बाहेर गेला. थोडा वेळ पायरीवर बसला, पुन्हा आत आला. उत्तर तेच. त्यानंतर मागचं दार कामाला आलं नाही.

थंडी सरता सरता तिच्या छातीत कफ झाला आणि आठवड्याभरात ती गेली. शेवटच्या रात्री त्याचा हात तिच्या हातात होता. तो कुणाचा, हे तिला कळलं की नाही कोण सांगणार. लेक आली, राहिली, बरोबर चला म्हणाली. तो म्हणाला, उन्हाळी रोपं टाकायची आहेत.

गाडी तो अजून चालवतो. नवी पिकअप घेणारे कधी विचारतात, पॅकेज घेण्यासारखं आहे का? तो सांगतो, पाटे कंपनीचेच घ्या, अस्तर बाहेरून घाला, चाकांच्या नादी लागू नका. मग तुम्ही का घेतलंत, असं कुणी विचारलं, तर पाणी घालायचं राहिलंय म्हणतो आणि रोपांकडे जातो.